प्रेरणेच्या नावाखाली नुसते फोटो साठवताय? या चुका टाळा

फोनमध्ये स्क्रीनशॉटचा ढीग, पिंटरेस्टचे बोर्ड गच्च, आणि कोऱ्या कागदापुढे बसलं की काहीच सुचत नाही. लोगो करणारे असोत, फर्निचरवाले असोत की जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करणारे, तक्रार एकच. खोट बहुतेक वेळा बघण्यात असते.

नक्षी उचलली, बांधणी सोडली

ही चूक सगळ्यांत महागात पडते. कोल्हापुरी चपलेचंच घ्या. बाहेरची मंडळी येतात, वेणी-गोंड्याचे फोटो काढतात आणि ती वेणी उशीच्या अभ्र्यावर छापून मोकळी होतात. पण चपलेचा तोंडवळा ठरतो तो कानांमुळे, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या, पट्टा धरून ठेवणाऱ्या चामड्यामुळे. पारंपरिक चपलेत खिळा नसतो, शिलाईही चामड्याच्याच वादीची. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तो तपकिरी रंग तिथूनच येतो. एवढं कळलं की बिनखिळ्याची खुर्ची सुचू शकते. नुसत्या फोटोतून उशीच सुचणार!

म्हणून कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, गेलात तर दुकानदाराला विचारून चप्पल उलटी करा, कडेनं बघा, आधी पेन्सिलनं काढा. फोटो मागाहून.

आणि कुठून घेतलं ते लिहून ठेवा. या चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन, म्हणजे ती याच भागातली असल्याची अधिकृत ओळख, मिळालंय. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानला तशाच चपला मांडल्या, सुरुवातीला उगमाचं नाव न घेता. पुढं काय गदारोळ झाला तो आपण पाहिलाच.

आपल्याच गल्लीत फिरणं

लोगोवाला लोगोच बघतो, गाडीवाला गाड्याच. 1955 च्या सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीला आकार देणारा फ्लामिनिओ बर्टोनी मुळात शिल्पकार होता. गाड्यांची मॉडेल आजही मातीत घडवतात. मग गाडीच्या शौकिनानं गणपतीच्या आधी कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत का जाऊ नये? मूर्तीच्या पोटाच्या गोलाईवर उजेड कुठं सरकतो आणि सावली कुठं तुटते, हे तिथं फुकटात दिसतं.

उलट अक्षरं रेखाटणाऱ्यानं उद्यमनगरातल्या कारखान्यांत पॅटर्न बघावेत, म्हणजे ज्यांच्यावरून वाळूत साचा पाडून धातू ओततात ते नमुने. कास्टिंगच्या पॅटर्नमध्ये आतले कोपरे गोलसर करतात, कारण टोकदार कोपऱ्यात धातू थंड होताना तडकतो. बाजूही किंचित तिरप्या असतात, पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून. माझ्या मते कोल्हापुरातली सर्वांत दुर्लक्षित डिझाईनची शाळा हीच.

जुनी गाडी फक्त समोरून

दसऱ्याला कोल्हापूरच्या राजघराण्याची मायबाख ही जुनी जर्मन गाडी आली की सगळे मोबाईल ग्रिलवर. त्या काळी मायबाख कंपनी इंजिन आणि चासी (गाडीचा सांगाडा) बनवायची, बॉडी वेगळे कोचबिल्डर, म्हणजे बॉडी बांधणारे कारागीर, चढवायचे. तेव्हा बाजूनं बघा: मडगार्ड कुठं संपतं, पायरी कुठं सुरू होते, दाराची रेघ कुठं वळते. मग शेजारी एखादी अॅम्बेसेडर आठवा. तिथं मडगार्ड अंगातच मुरलंय.

रंग स्क्रीनवरून ठरवणं

फोन उजेडाप्रमाणे रंग आपल्या मनानं फिरवतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा काळा दगड एका फोटोत निळसर, दुसऱ्यात तांबूस. फोटोत कोपऱ्याला पांढरा कागद धरा आणि नंतर त्यावरून रंग सुधारा. त्याहून सोपं म्हणजे रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड खिशात ठेवा, वस्तूला लावून बघा आणि नंबर टिपून घ्या.