कवितेवर अभिप्राय देताय? निदान या चुका तरी टाळा

गेली नऊ वर्षं मी हौशी कवींच्या व्हॉट्सॲप ग्रुपात आहे, त्यातली चार ॲडमिन म्हणून, म्हणजे मुख्यतः 'गुड मॉर्निंग' डिलीट करायचं काम. कविता कशी लिहावी हे सांगायची माझी लायकी नाही आणि ते सांगणारे ढीगभर पडलेत. पण एकमेकांच्या कवितेवर बोलताना लोक ज्या त्याच त्याच चुका करतात त्या बघून आता डोकं उठलंय, आणि त्यातल्या निम्म्या मी स्वतः करून बसलेय, तेव्हा थोडं हक्काने बोलते.

'अप्रतिम' नावाचा रोग

९ वाजून २ मिनिटांनी चौतीस ओळींची कविता पडते आणि ९ वाजून २ मिनिटांनीच खाली 'अप्रतिम सर'. अहो वाचली कधी? एकदा माझ्याकडून घरच्या ग्रुपऐवजी इकडे वाणसामानाची यादी पडली, साबुदाणा, शेंगदाणे, उदबत्ती, कपड्याचा साबण, एकाखाली एक. मी डिलीट करेपर्यंत दोघांनी फुलं पाठवली होती आणि एकाने 'मुक्तछंद छान जमलाय ताई' असं लिहिलं होतं. विनोद सोडा, पण त्या दिवसापासून मला आलेल्या प्रत्येक 'अप्रतिम'वरचा माझा विश्वास उडाला, आणि नव्या माणसाचं नेमकं हेच नुकसान होतं. त्याला वाटतं जमलंय, सहा महिने तो तसंच लिहीत राहतो, मग कुणीतरी एक जण खरं बोलतो आणि हा ग्रुप सोडून जातो.

मी काय करते, तर कवितेतली एक ओळ कॉपी करते, पेस्ट करते आणि तिच्याखाली वाचताना मला काय झालं ते लिहिते. 'इथे थांबले, परत वाचली.' 'इथे कोण कोणाशी बोलतंय ते कळलं नाही.' बस. आवडली-नावडली याच्या भानगडीत पडत नाही. आणि सांगण्यासारखं काही नसेल तर गप्प बसते, ग्रुपात गप्प बसल्याचा दंड नाही. आता या पद्धतीला एकच अडथळा, तो म्हणजे गुलाबाच्या फोटोवर गुलाबी अक्षरात कविता टाकणारे. त्यातली ओळ कॉपी कशी करायची? साधी टाईप करून टाका ना बाबांनो.

तू माझ्या कवितेला दाद दे, मी तुझ्या कवितेला देतो, हा जो आहेराचा व्यवहार चालतो त्याबद्दल न बोललेलंच बरं.

दुसऱ्याच्या ओळीत हात घालणं

ही चूक माझी स्वतःची, आणि हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण अजून मनात सलते.

ग्रुपात वऱ्हाडातली एक मुलगी आली, विशीतली, फार कमी बोलायची. तिने एक अष्टाक्षरी, म्हणजे दर ओळीत आठच अक्षरं असलेली कविता टाकली, त्यातलं एक कडवं असं होतं:

माय सारवे आंगन
मंग सारवते घर
तिच्या हाताले शेनाचा
वास येते दिसभर

मी तेव्हा नवीन नवीन ॲडमिन झाले होते, अंगात मास्तरकी भिनलेली. म्हटलं पोरीची भाषा सुधारू. 'माय'ची 'आई' केली, 'आंगन'चं 'अंगण', 'शेन'चं 'शेण'. शेवटची ओळ 'वास येतो दिवसभर' केली तर नऊ अक्षरं झाली. तिथेच थांबायला हवं होतं, कारण आठाचं नऊ मी केलं होतं, तिने नव्हे. पण नाही. डोकं लावून मी ती ओळ 'गंध येई दिनभर' अशी बसवली आणि असा काही विजयी चेहरा करून पोस्ट केलं की विचारू नका. शेणाला गंध! आणि 'दिनभर' तर सरळ हिंदीतून उचललेलं. खाली लगेच अकरा जणांनी 'ताई, तुमच्या परीसस्पर्शाने' वगैरे लिहिलं. पोरगी म्हणाली, 'धन्यवाद ताई.'

पुढे तिच्या गावच्या वाचनालयात छोटासा कार्यक्रम होता, तिथे तिने ती माझी 'सुधारलेली' कविता वाचली. तिची आई पुढेच बसली होती. घरी गेल्यावर आई म्हणाली, 'हे आई कोन व्हय वं? मी त तुही माय व्हय.' हे तिने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं, हसत हसत, तक्रार म्हणून नाही. मी मात्र त्या रात्री जेवले नाही.

बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली, अत्र्यांनी ती वाचली आणि १९५२ साली बोलीतच छापली गेली. मधे माझ्यासारखी एखादी ॲडमिन नव्हती हे महाराष्ट्राचं नशीब.

तर तेव्हापासून नियम असा की दुसऱ्याच्या ओळीच्या जागी माझी ओळ लिहून दाखवायची नाही. 'असं केलं तर?' म्हणूनसुद्धा नाही, कारण समोरचा नवा असेल तर तो ते आज्ञा म्हणून घेतो. खटकलं ते सांगते, दुरुस्ती ज्याची त्याने करावी. शुद्धलेखनाचं सांगायचं तर आधी विचारते की ही बोली आहे का टायपिंगची चूक. फार हात शिवशिवले तर स्वतःची वही उघडून स्वतःची कविता सुधारते, तिला गरज जास्त असते.

'मात्रा बघा जरा'

मात्रा बघा. कुठे बघू? कुठल्या ओळीत, कितव्या शब्दाला, जास्त झाल्या का कमी? हे न सांगता नुसतं 'मात्रा बघा' म्हणणारे लोक मला डॉक्टरच्या दारात उभं राहून 'तब्येत बघा' म्हणणाऱ्यांसारखे वाटतात.

त्याहून वाईट म्हणजे चुकीचं मोजून दुसऱ्याला चूक ठरवणारे. एका निवृत्त काकांनी गझल टाकली होती, मंजुघोषा वृत्तात, म्हणजे गालगागा तीनदा ('गा' म्हणजे गुरू, दोन मात्रांचं अक्षर, 'ल' म्हणजे लघू, एका मात्रेचं). त्यातली एक ओळ होती 'पावसाला या तुझ्या सांगू कसे मी'. लगेच एक तरुण मुलगा धावून आला, दीड महिन्यापूर्वी गझल शिकलेला, की काका, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं, 'तुझ्या'मधला 'तु' दोन मात्रांचा, ओळ तुटली. त्याला आणखी तिघांनी दुजोरा दिला. काका एवढे बावरले की त्यांनी ओळ बदलून टाकली आणि आता मात्र ती खरंच तुटली.

नियम अर्धाच पाठ केला की असं होतं. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं ते त्याच्यावर आघात येत असेल तर. सत्य, शब्द, रस्ता म्हणून बघा, पहिल्या अक्षरावर जीभ दाबून थांबते. आता तुझ्या, पुन्हा, उद्या, तुम्ही म्हणा. थांबते का? नाही, म्हणून तिथे पहिलं अक्षर लघूच. हे कानाला कळतं, कागदावर नाही. मी काकांना म्हटलं, मूळ ओळ वाचून व्हॉइस नोट पाठवा. त्यांनी पाठवली आणि एकाही माणसाला पुढे बोलायची गरज उरली नाही.

तेव्हापासून वृत्ताबद्दल शंका आली की मी आधी व्हॉइस नोट मागते, मगच तोंड उघडते. स्वतःसाठी भांडी घासताना ओळ मोठ्याने म्हणते. भुजंगप्रयात वृत्तात काही लिहिलं असेल तर ते मनाच्या श्लोकांच्या चालीवर टाकून बघायचं, ती चाल शाळेत पाठ झालेली असते, लगागा लगागा करत बसावं लागत नाही, अडखळलं की अडखळलं. ॲपमध्ये ओळ टाकून मात्रा मोजून घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण कान तयार व्हायच्या आधी ॲप हातात आलं की कान कधीच तयार होत नाही असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

याच्याच पोटातली अजून एक गंमत. अष्टाक्षरीत फक्त अक्षरं मोजायची, मात्रा नाहीत, लघु-गुरूचा हिशेब नाही, 'स्वप्न' म्हणजे दोन अक्षरं. एक ताई रोज तक्रार करायच्या की माझ्या ओळी आठात बसतच नाहीत, इतरांच्या कशा बसतात. बऱ्याच दिवसांनी कळलं की त्या फोनमधला कॅरेक्टर काउंट बघत होत्या. फोन काना आणि वेलांटीसुद्धा वेगळी मोजतो, त्याच्या लेखी 'कविता' पाच होतात! बोटं वापरा, देवाने दहा दिलीत, आठ पुरतात.

गझलेत मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'सावली' आणि 'वाटली' घेतलंत तर 'ली'च्या आधीचा 'अ' हीच अलामत, म्हणजे पुढच्या प्रत्येक यमकात तसाच ठेवायचा स्वर ठरला, पुढे 'थांबली', 'भेटली' चालेल, 'बाहुली' आणू नका. हे मी आठवड्यातून एकदा लिहिते. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' नवोदितांसाठीच लिहिली, छोटीशी आहे, एका बसण्यात वाचून होते, पण नाही, लोकांना पहिल्याच दिवशी शेर हवेत आणि दुसऱ्या दिवशी तखल्लुस, म्हणजे शायराचं टोपणनाव.

दुःखाच्या कवितेवर व्याकरण

एका दादांनी वडिलांच्या तेराव्याच्या दिवशी कविता टाकली. खाली पहिला अभिप्राय, 'तिसऱ्या कडव्यात यतिभंग', म्हणजे ओळीतला थांबा चुकीच्या जागी. मी त्या माणसाला ग्रुपमधून काढलं, हुकूमशाही म्हणा हवं तर. अशा कवितेवर तांत्रिक बोलायचंच असेल तर महिन्याभराने, वैयक्तिक मेसेजवर, आणि आधी विचारून. एरवीही मी विचारतेच, दाद हवीय का इस्लाह, म्हणजे दुरुस्ती? दोन्ही हव्या असू शकतात, पण कुठलं आधी ते कवीला ठरवू द्यावं.

आणि ज्यांना अभिप्राय मिळतो त्यांनी

समजावत बसू नका. 'इथे मला असं म्हणायचं होतं की' यापुढे तीन परिच्छेद येतात आणि ते कवितेपेक्षा लांब असतात. म्हणायचं होतं ते ओळीत आलं नाही एवढाच त्याचा अर्थ. मी अभिप्राय वाचते, 'नोंद घेतली' लिहिते आणि तीन दिवस त्या कवितेकडे फिरकत नाही, चौथ्या दिवशी राग गेलेला असतो आणि बहुतेक वेळा समोरच्याचं पटलेलं असतं. नेहमी नाही. कधी कधी समोरचा खरंच चुकीचा असतो, पण तेही चौथ्या दिवशीच नीट दिसतं.

दिल्लीचा बादशहा बहादूरशाह जफर आधी शायर झौककडून आणि १८५४ मध्ये झौक गेल्यावर गालिबकडून इस्लाह घ्यायचा. बादशहा! आणि आमच्याकडे मंगळवारपासून लिहायला लागलेले लोक बुधवारी 'ही माझी शैली आहे' म्हणतात.

बाकी फुटकळ. दिवसाला पाच कविता टाकू नका, आम्हाला नोकऱ्या आणि घरं आहेत. २७ फेब्रुवारीला आणि पहिल्या पावसाला तर एकही टाकू नका, त्या दिवशी कुणी कुणाचं वाचत नाही, फक्त लिहितात. आवडलेली कविता पुढे पाठवताना कवीचं नाव कापू नका, आणि नाव माहीत नसेल तर 'कवी अज्ञात' लिहिण्याआधी निदान ग्रुपात विचारा, बऱ्याचदा तो अज्ञात कवी तिथेच बसलेला असतो.

प्रमाणपत्रांच्या मागे लागू नका. स्पर्धेत वीस जण असतात, सहा 'सर्वोत्कृष्ट', सात 'उत्कृष्ट', उरलेले 'उत्तेजनार्थ', म्हणजे हरलं कोण? पैसे भरून दोन पानं मिळणारे प्रातिनिधिक संग्रह तर विचारूच नका. मीही एकदा भरले होते, पुस्तक आलं त्यात माझं आडनाव चुकलेलं होतं आणि कविता कुणा भलत्याचीच. ती माझ्यापेक्षा बरी होती हे कबूल करते.

ती वऱ्हाडातली मुलगी मधे दीड वर्ष काही टाकत नव्हती. परवा तिची नवी अष्टाक्षरी आली, कापूस वेचण्यावर. एका ओळीत नऊ अक्षरं दिसतायत. दोघांनी लगेच 'मात्रा बघा' लिहिलंच. मी अजून काही बोलले नाहीये, फक्त तिला म्हटलंय, वाचून पाठव. व्हॉइस नोट अजून आलेली नाही.