सगळे काही एकाच फोनमध्ये असेल तर या चुका टाळा

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीकडे रोज जाणाऱ्या माझ्यासारख्या नोकरदाराच्या खिशात आज कॅमेरा, गाणी, नकाशा, रेल्वेचा पास आणि पैशांचे पाकीट या सगळ्यांच्या जागी एकच फोन असतो. मात्र या सर्वांना मिळून बॅटरी एक, साठवणीची जागा एक, चार्जिंगचे पोर्ट एक आणि कुलूपही एकच असते. फोनविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला इथेच दिसते. २००७ साली बाजारात आलेल्या नोकिया एन९५ मध्ये ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, जीपीएस आणि संगीत एकत्र होते, पण मूळ बॅटरीची क्षमता केवळ ९५० एमएएच होती. आता ५००० एमएएचची बॅटरी सर्रास मिळते, तरी संध्याकाळी फोन बंद पडतोच, कारण कामेही तेवढीच वाढली आहेत.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे करमणूक आणि निकडीची कामे यांना बॅटरीचा सारखाच वाटा देणे. येताना तासभर व्हिडिओ पाहून फोन बंद पडला, तर त्यातला पास तिकीट तपासनीसाला दाखवता येत नाही आणि रिक्षाचे भाडेही देता येत नाही. चार्ज २५ टक्क्यांवर आला की व्हिडिओ, खेळ आणि हॉटस्पॉट बंद करावेत, अशी सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य सर्वांत जास्त घटते ते उष्णतेने, म्हणून चार्जिंग चालू असताना चित्रीकरण करू नये आणि फोन उशीखाली ठेवू नये. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणारेही मी पाहिले आहेत. त्याने आत दव धरते आणि नवेच दुखणे सुरू होते. फोनची पाठ उचललेली दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब थांबवावे आणि ती पाठ दाबून बसवू नये.

पावसाळ्यातली चूक मी स्वतः केली आहे. एका जुलैत स्टेशनवरून घरी येईपर्यंत फोन भिजला, पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचनाही पडद्यावर आली, तरीही घाईने मी चार्जर लावला आणि काही दिवसांत पोर्टचे टोक गंजून चार्जिंगची पट्टीच बदलावी लागली. धूळ आणि पाणी यांपासून संरक्षण सांगणारा ‘आयपी६८’ हा शिक्का पाहून आपण निर्धास्त होतो, पण ती चाचणी प्रयोगशाळेत, गोड्या आणि स्थिर पाण्यात घेतलेली असते. घाम, खाडीचे खारे पाणी आणि गरम वाफ यांची हमी त्यात नसते, शिवाय आतले रबरी सील काळानुसार ढिले पडते. फोन भिजला तर तो बंद करावा, कव्हर काढावे, पोर्टचे तोंड खाली करून हलकेच झटकावे आणि पंख्याच्या वाऱ्यात पूर्ण वाळू द्यावा. तांदळाच्या डब्यात तो ठेवू नये, कारण तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये शिरतात. हेअर ड्रायरची गरम हवाही मारू नये.

साठवणीच्या बाबतीत गल्लत जास्त होते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत किंवा ठाण्यातल्या तलावपाळीवरच्या दिवाळी पहाटेला सगळे जण मोठ्यात मोठ्या दर्जावर चित्रीकरण करतात. आयफोनवर ४के दर्जाचे, सेकंदाला ६० फ्रेमचे चित्रीकरण मिनिटाला सुमारे ४०० एमबी जागा घेते. १०८०पी आणि ३० फ्रेमवर तेच सुमारे ६० एमबीत मावते. म्हणजे अर्ध्या तासाला १२ जीबी विरुद्ध २ जीबीहून कमी, आणि घरच्या टीव्हीवर पाहायला १०८०पी पुरेसे असते. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत असते, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. सर्वांत महागात पडणारी चूक पुढची आहे. ‘ढगात (क्लाउडवर) प्रत आहे’ असे समजून गुगल फोटोज ॲपमधूनच फोटो पुसला, तर तो फोनमधून आणि खात्यातून असा दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, तेवढ्या मुदतीत ते परत आणता येतात. केवळ फोनमधली जागा हवी असेल तर त्याच ॲपमधला जागा मोकळी करण्याचा पर्याय वापरावा. लग्न, बारसे, आजीआजोबांचे आवाज असे जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

घोडबंदर रस्त्यावर दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून नकाशा पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शक्तिशाली इंजिनाच्या सततच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. कंपन शोषणारा स्टँड घ्यावा किंवा फोन खिशात ठेवून सूचना कानाने ऐकाव्यात. लोकलच्या गोंगाटात मात्र इअरफोनचा आवाज वाढवत नेऊ नये. ८० डेसिबलच्या आवाजाला आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

फोन चोरीला गेला तर केवळ पडद्याच्या कुलपावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते, कारण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्या हाती पडतात. म्हणून सिमलाही पिन लावावा. त्याआधी सिम कंपनीचा मूळ पिन विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकल्यास सिम अडकते आणि ते उघडण्यासाठी पीयूके हा वेगळा क्रमांक लागतो. चोरीनंतर आधी सिम आणि बँकेचे व्यवहार बंद करावेत, पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाच्या आधारे फोन बंद करवून घ्यावा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय, बँकेचा मदत क्रमांक आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक आजच कागदावर लिहून तो कागद घरी कपाटात ठेवावा, कारण हे सगळे आकडे सध्या त्याच फोनमध्ये आहेत.