दत्तक बाळासाठी रजा हवीय? मग आधी संसदेतली चर्चा काढून वाचा

आमची लेक घरी आली तेव्हा सात महिन्यांची होती, साल २०२२. मी रजेचा अर्ज टाकला तर एचआरचा एका ओळीचा मेल आला, बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच दत्तक आईला रजा मिळते. बस्स. मला त्या दिवशी रडूच आलं, कारण माझ्या डोक्यात होतं की जन्म देणाऱ्या आईला २६ आठवडे आणि आपल्याला १२, एवढाच काय तो फरक. मग रात्री लेक मांडीवर झोपली की एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने मोबाईलवर संसदेतल्या चर्चेचे कागद वाचायचे. त्यातून जे कळलं ते लिहितेय, रजेसाठी भांडायचं असेल तर कामाला येईल.

आधी तुम्ही कुठल्या नियमात बसता ते बघा. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर तिथले रजेचे नियम वेगळे, दोनपेक्षा कमी मुलं असलेल्या बाईने एक वर्षाच्या आतलं बाळ दत्तक घेतलं तर १८० दिवस रजा, आणि बाबा त्याच नोकरीत असेल तर त्याला १५ दिवस, तेही सहा महिन्यांच्या आत घ्यायचे. खासगी नोकरीला २०१७ ची मॅटर्निटी बेनिफिट कायद्यातली, म्हणजे बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, १ एप्रिल २०१७ पासून, आणि तीन महिन्यांची अट आली ती तिथूनच. म्हणजे तेव्हा सरकारी ऑफिसातल्या आईला वर्षाची मुभा आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या कंपनीतल्या आईला तीन महिन्यांची, बाळ तेच, त्याचं रात्री दचकून उठणंही तेच.

पुढे हीच ओळ २०२० च्या सोशल सिक्युरिटी कोडमध्ये, म्हणजे सामाजिक सुरक्षेच्या नव्या कायद्यात, जशीच्या तशी गेली आणि तो कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. शिवाय या अटीला २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि मार्च २०२६ मध्ये कोर्टाने ती रद्द केली, त्यामुळे अर्ज लिहायला बसायच्या आधी कोर्टाचा ताजा आदेश शोधून त्याची प्रिंट काढा, जुन्या कायद्याची झेरॉक्स हातात घेऊन जाऊ नका.

आता चर्चा कशी शोधायची. संसद डॉट इन या साइटवर जा, दोन्ही सभागृहांचं कामकाज तिथे आहे. २०१७ च्या दुरुस्तीचं बिल आधी राज्यसभेत पास झालं, ११ ऑगस्ट २०१६ ला, आणि मग लोकसभेत ९ मार्च २०१७ ला, मांडणारे तेव्हाचे कामगार मंत्री बंडारू दत्तात्रेय. तारीख हातात असली की शोध सोपा होतो, नुसतं दत्तक रजा असं टाकून बसलात तर रात्र जाईल. कागद इंग्रजी-हिंदीतच आहेत, घाबरू नका, बोललेली भाषा आहे, कायद्यापेक्षा कितीतरी सोपी.

सगळं वाचायची गरज नाही. बिलाच्या शेवटी उद्देश आणि कारणं लिहिलेली असतात ते आधी वाचा, मग मंत्र्याचं शेवटचं उत्तर, आणि मग कलमं एकेक करून मंजूर होतात तो भाग. मधली भाषणं चाळा, पण बापाच्या रजेचा मुद्दा कुठे निघतो तिथे थांबा. बापाच्या रजेसाठी २०१७ मध्येच आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत स्वतंत्र खासगी विधेयक आणलं होतं, तेही काढून वाचा, मला त्यातून खूप धीर आला की कोणीतरी हा विचार सभागृहात मांडला तरी होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हिशोब. हा कागदावर स्वतःच्या हाताने मांडा, कारण एचआरला आणि खासदाराला दोघांनाही हाच समजतो. सोडून दिलेलं बाळ सापडलं की बाल कल्याण समिती आधी त्याच्या आई-बापाचा शोध घेते, बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर ते दत्तकासाठी मोकळं आहे हे जाहीर करायला कायद्याने दोन महिन्यांची मुदत आहे. आईने स्वतः सोपवलं असेल तरी तिला फेरविचाराला दोन महिने द्यावेच लागतात, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर कारा, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्राची संस्था, तिच्या पोर्टलवर रेफरल, म्हणजे बाळाची माहिती येणार, तुम्ही ४८ तासांत हो म्हणणार, मग संस्थेत जाऊन बाळाला भेटणं, मेडिकल रिपोर्ट, कागदपत्रं, त्याला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. दोन महिने अधिक एक महिना, झाले तीन! आणि यात बाळ जन्मल्या दिवशीच समितीसमोर आलं असं धरलंय, मधे एक दिवसही फुकट गेला नाही असं धरलंय. म्हणजे एका कायद्याने थांबायला सांगितलं आणि थांबलात म्हणून दुसऱ्याने रजा काढून घेतली. ही गोष्ट शांतपणे, आकडे घालून लिहा. माझी लेक सात महिन्यांची का झाली याचं उत्तर तिच्या फाइलमधल्या तारखांमध्ये होतं, मी त्या तारखा एकाखाली एक लिहून अर्जाला जोडल्या. शेवटी मला सहा आठवडे मिळाले, तेही कंपनीची खास परवानगी म्हणून, हक्क म्हणून नाही.

अर्जात अजून एक चूक बरेच जण करतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक आदेशाची वाट बघत बसतात. रजा मोजायची ती बाळ तुमच्या हातात दिल्या दिवसापासून, आणि बाळ तर आदेशाच्या आधीच फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आदेश होईपर्यंत सांभाळायला म्हणून, घरी येतं. त्यामुळे संस्थेने बाळ सोपवल्याचा तारीख-सहीचा कागद लगेच जोडा, आदेश नंतर देते असं अर्जातच लिहून टाका.

आणि खासदाराला लिहा, खरंच लिहा. मोठं दुःख ओतलेलं पत्र नको, एक पान पुरे. त्यांना अतारांकित प्रश्न विचारायची विनंती करा, त्याचं लेखी उत्तर मंत्रालयाला द्यावं लागतं आणि ते साइटवर राहतं, पुढच्या आई-बाबांना वापरता येतं. नोटीस १५ दिवस आधी लागते, म्हणून अधिवेशनाच्या निदान महिनाभर आधी पत्र पोचलं पाहिजे, बजेट, पावसाळी, हिवाळी, कुठलंही धरा. प्रश्न तुम्हीच लिहून द्या म्हणजे त्यांच्या पीएचं काम वाचतं. मी असा लिहिला होता: गेल्या तीन वर्षांत दत्तक गेलेल्या मुलांपैकी किती मुलं पालकांच्या ताब्यात आली तेव्हा तीन महिन्यांच्या आतली होती, किती एक वर्षाच्या आतली आणि किती त्याहून मोठी?

एवढाच. मत नाही, मागणी नाही, नुसता आकडा मागायचा. पत्र मतदारसंघातल्या ऑफिसात हातोहात द्या, सोबत दिल्लीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने एक प्रत, आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.