ट्रेल वाचवायला निघालात? मग या चुका टाळा

एक दिवस ट्रेलहेडला गाडी लावतो, बाइक उतरवतो आणि समोर सायकलवर लाल काट मारलेला बोर्ड दिसतो. मग ग्रुपवर मेसेजचा पाऊस, रात्रीतून पिटिशन, रेंजरच्या नावाने ओरडा, हे सगळं मी स्वतः केलंय. अमेरिकेत आल्यावर माउंटन बाइकचा नाद लागला, पुढे एका छोट्या क्लबबरोबर फावडं घेऊन ट्रेलच्या कामाला जायला लागलो, आणि तिथे जुन्या लोकांकडून कळलं की तो बोर्ड लागायच्या दोन-तीन वर्षं आधीच त्याची तयारी सुरू झालेली असते, सगळी कागदावर, सगळ्यांना दिसेल अशी, फक्त आपल्यातलं कोणी तिकडे फिरकलेलं नसतं. आता इथे राइड करणारे मराठी लोक बरेच भेटतात म्हणून लिहून काढतोय. यातल्या बहुतेक चुका मी आणि आमच्या क्लबने केलेल्या आहेत.

जमीन कोणाची, हे न बघताच भांडायला जाणं

पब्लिक लँड म्हणजे एकच मालक असं आपण धरून चालतो, तसं नाहीये. नॅशनल फॉरेस्ट फॉरेस्ट सर्व्हिसकडे, ती कृषी खात्याखाली येते, सुमारे 19.3 कोटी एकर. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, इंटिरियर खात्याखाली (देशाची जमीन आणि निसर्गसंपत्ती बघणारं खातं), साधारण 24.5 कोटी एकर. नॅशनल पार्कसुद्धा इंटिरियरकडेच पण तिथला कारभार एकदम वेगळा, मातीच्या सिंगलट्रॅकवर, म्हणजे एकाच सायकलपुरत्या अरुंद वाटेवर, सायकलला बहुतेक पार्कांत परवानगीच नसते. आणि एक प्रकार लोकांना माहीतच नसतो, स्टेट ट्रस्ट लँड. पश्चिमेकडच्या राज्यांना राज्याचा दर्जा मिळताना मुख्यतः शाळांच्या खर्चासाठी जमिनी मिळाल्या, त्यांचं कामच मुळात पैसे मिळवून देणं आहे, त्यामुळे तिथे आज राइड करता येते म्हणजे उद्याही येईल असा काही हक्क नसतो. एकाच दहा मैलांच्या लूपमध्ये असे तीन-चार मालक निघू शकतात.

म्हणून ट्रेल बंद झाला की पहिलं काम म्हणजे मालकी दाखवणारा नकाशा उघडायचा, नेमका कोणता तुकडा कोणाच्या हद्दीत आहे ते बघायचं आणि त्या डिस्ट्रिक्ट ऑफिसमध्ये रिक्रिएशनचं काम कोण बघतं ते विचारायचं. आम्ही एकदा दोन महिने भलत्याच ऑफिसला मेल करत बसलो होतो, तिथल्या बाईंनी प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर दिलं पण त्यांच्या हातात काही नव्हतंच.

याच अज्ञानातून दुसरी गोष्ट होते. "जमीन राज्यांच्या ताब्यात द्या, स्थानिक लोक जास्त चांगली सांभाळतील" असं कोणी म्हटलं की आपल्याला ते पटतं. पण नेवाडाने मिळालेली ट्रस्ट लँड जवळपास सगळी विकून टाकलेली आहे, आणि विकलेल्या जमिनीवर कुंपण पडलं की ट्रेलसाठी अर्ज करायलासुद्धा जागा उरत नाही.

निर्णय झाल्यावर जागं होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

फेडरल जमिनीवर काही मोठं करायचं असेल, ट्रेल बंद करणं, नवीन काढणं, लाकूडतोड, ट्रॅव्हल प्लॅन (कोणत्या वाटेवर कोणतं वाहन चालेल ते ठरवणारा), तर नीपा नावाचा पर्यावरणाचा कायदा लागतो. 1970 च्या 1 जानेवारीला त्याच्यावर सही झाली. याच्यात सहसा पहिला टप्पा स्कोपिंगचा, म्हणजे एजन्सी सांगते की आमच्या डोक्यात असं असं आहे, तुम्हाला काय वाटतं. मग पर्याय मांडले जातात, त्यांचे परिणाम लिहिले जातात, लोकांच्या कमेंट घेतल्या जातात, शेवटी निर्णय. स्कोपिंगच्या वेळी सगळं कच्चं असतं, तेव्हा तुम्ही "या ट्रेलला बंद करण्याऐवजी वरच्या बाजूने वळवता येईल का" असं सुचवलं तर तो एक पर्याय म्हणून अभ्यासात येऊ शकतो. दीड वर्षानंतर तेच सुचवलं तर त्यांनाही काही करता येत नाही, कारण त्या पर्यायाचा अभ्यासच झालेला नसतो.

आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. निर्णयावर शेवटी ऑब्जेक्शन घ्यायचं असेल तर आधी त्याच विषयावर मुदतीत, लेखी, मुद्देसूद कमेंट दिलेली असावी लागते. आधी गप्प बसलात तर दार बंद. मी ज्या पहिल्या मीटिंगला गेलो तिथे आम्ही सह्यांचा गठ्ठा घेऊन गेलो होतो, समोरच्या अधिकाऱ्याने फक्त विचारलं की तुमच्यापैकी ड्राफ्टवर कमेंट कोणी दिली होती? खोलीत चाळीस माणसं आणि एकही हात वर नाही.

2025 मध्ये नीपाचे सगळ्या एजन्सींना लागू असलेले जुने नियम रद्द झाले आणि एजन्सींनी आपापल्या पद्धती बदलल्या, त्यामुळे आधी होतं तसंच वेळापत्रक असेल, ड्राफ्टवर बोलायची संधी मिळेलच, असं धरून चालू नका. प्रत्येक नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आपल्या फॉरेस्टच्या आणि बीएलएम ऑफिसच्या प्रकल्पांच्या यादीसाठी ईमेल अलर्ट लावा आणि क्लबमध्ये एका माणसाला फक्त तेवढंच काम द्या. सगळ्यांनी लक्ष ठेवू म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

मुदत निघून गेलीच असेल तर? अंतिम निर्णय आलेला नसेल तर उशिरा का होईना पण लेखी पाठवा, फाइलला लागू शकतं, मात्र त्याने ऑब्जेक्शनचा हक्क मिळेल असं समजू नका. मुदतीत कमेंट दिलेली दुसरी एखादी संस्था शोधा, घोडेवाले असतील, हायकर असतील, त्यांचा मुद्दा तुमच्याशी जुळत असेल तर त्यांच्या ऑब्जेक्शनला मदत करा. आणि निर्णय झालाच असेल तर अंमलबजावणीकडे वळा, बोर्ड कुठे लागणार, पर्यायी रस्ता कोणता, तो नीट करायला व्हॉलंटियर हवेत का, इथे अजून बोलायला जागा असते.

एकच मजकूर पाचशे वेळा पाठवणं

पिटिशनने आपल्याला बरं वाटतं पण हे मतदान नाहीये. एकसारख्या पाचशे मेल आल्या तर त्यांच्यातला मुद्दा एकच धरला जातो. त्यापेक्षा एका माणसाची एक पानाची कमेंट जास्त काम करते, फक्त त्यात ट्रेलचा नंबर हवा, कोणत्या पर्यायाबद्दल बोलताय ते हवं, आणि तुम्हाला माहीत असलेली एखादी गोष्ट हवी जी ऑफिसात बसून दिसत नाही.

"मला हा ट्रेल फार आवडतो, प्लीज बंद करू नका" याचं कोणी काय करणार? याउलट असं लिहा की अमुक नंबरच्या ट्रेलवर दुसऱ्या ओढ्यानंतरचा दोनशे फुटांचा भाग सरळ उताराच्या दिशेने जातो म्हणून पाणी त्यातूनच वाहतं, पूर्ण ट्रेल बंद न करता तेवढा तुकडा कंटूरवर, म्हणजे उताराला आडवा, घेतला तर गाळ ओढ्यात जाणार नाही, आमचा क्लब इतके दिवस श्रम द्यायला तयार आहे. फोटो जोडा, तारीख टाका. यावर विचार करून उत्तर लिहिणं त्यांना भाग पडतं.

वाइल्डरनेसवरून आंधळेपणाने बाजू घेणं

हा विषय निघाला की बाइकरांमध्ये दोन तट पडतात. आधी माहिती. वाइल्डरनेस म्हणजे कायद्याने आहे तशीच रानटी राखलेली जमीन. वाइल्डरनेस ॲक्ट 1964 चा, त्यात मोटरवाल्या वाहनांबरोबर "मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट" ला पण मनाई आहे, आणि 1984 मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने नियमात सायकलचं नाव स्पष्ट टाकलं. म्हणजे वाइल्डरनेस जाहीर झालं की आपल्यासाठी ट्रेल संपला.

आयडाहोमध्ये 2015 साली हेच झालं. बोल्डर-व्हाइट क्लाउड्स भागात बाइकरांनी संवर्धनवाल्या संस्थांबरोबर बसून नॅशनल मॉन्युमेंटच्या (संरक्षित जमिनीचा वेगळा प्रकार) बाजूने एकमत केलं होतं, ज्यात सायकल राहिली असती. पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वाइल्डरनेसचं बिल पास केलं आणि अँट्स बेसिन, कॅसल डिव्हाइड हे लोकांचे अतिशय लाडके ट्रेल गेले. ज्यांनी ते चालवले होते त्यांच्याशी बोललो की अजून त्यांचा आवाज बदलतो.

यातून काही जणांनी असा अर्थ काढला की संरक्षणाच्या प्रत्येक प्रस्तावाला विरोध करायचा. मला हे पटत नाही, अजिबात नाही. वाइल्डरनेस हा एकच प्रकार नाहीये. नॅशनल मॉन्युमेंट आहे, नॅशनल रिक्रिएशन एरिया आहे, 2019 च्या मोठ्या पब्लिक लँड कायद्यात यूटामध्ये सॅन राफेल स्वेल रिक्रिएशन एरिया झाला. यांच्यात खाणकामासारख्या गोष्टींना लगाम घालता येतो आणि सायकलही राहू शकते, मात्र नंतर मॅनेजमेंट प्लॅन बनतो तेव्हा हजर राहावं लागतं. वाइल्डरनेसच्या प्रस्तावातसुद्धा हद्द शंभर-दोनशे फूट सरकवून ट्रेल बाहेर ठेवता येतो, पण त्यासाठी नकाशा कच्चा असताना टेबलावर बसायला हवं. इम्बा, म्हणजे 1988 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली माउंटन बाइकरांची संघटना, अशाच हद्दीच्या वाटाघाटी करत आलीय.

अजून एक, "रेकमेंडेड वाइल्डरनेस" आणि "वाइल्डरनेस स्टडी एरिया" हे शब्द दिसले की थांबून वाचा, म्हणजे वाइल्डरनेस करायची शिफारस झालेली किंवा त्यासाठी अभ्यासात असलेली जमीन. कायदा झालेला नसतानाही स्थानिक प्लॅनमधून सायकल बंद होऊ शकते, मोंटानाच्या बिटररूट नॅशनल फॉरेस्टमध्ये 2016 च्या ट्रॅव्हल प्लॅनमध्ये तसंच झालं.

परवानगीशिवाय ट्रेल काढणं

जंगलात गुपचूप खणलेला एक ट्रेल क्लबची दहा वर्षांची पत घालवतो. खणणारे मेहनती असतात, मला त्यांच्याबद्दल राग नाहीये, पण तिथे घरटी आहेत का, पुरातत्त्वाचं काही आहे का, हे बघितलेलं नसतं, आणि बरेचदा ट्रेल सरळ उताराला लावलेला असतो म्हणून दोन पावसाळ्यांत त्याचा ओहोळ होतो. बरं, चांगल्या ट्रेलचे नियम काही गुप्त नाहीत, ट्रेलचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवायचा, सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास, आणि पाणी बाहेर जावं म्हणून कडेला हलका ढाळ द्यायचा. असा ट्रेल जवळपास असेलच तर लपवू नका, रेंजरला स्वतःहून सांगा, बुजवायला मदत करा आणि त्याच बैठकीत विचारा की इथे लोकांना ट्रेल हवाय, रीतसर कुठे काढता येईल.

सायन्स फक्त आपल्या सोयीचं सांगणं

1994 मध्ये मोंटानातल्या ट्रेलवर झालेला अभ्यास आपले लोक नेहमी दाखवतात, त्यात घोडे आणि पायी चालणाऱ्यांमुळे सायकलपेक्षा जास्त माती सुटी झाली होती. खरं आहे, सांगा. पण ओरेगनच्या स्टार्की इथल्या अभ्यासात एल्क हरणं एटीव्हीपासून (जंगलात चालवायची चारचाकी मोटरगाडी) सगळ्यात लांब पळाली आणि त्यानंतर नंबर आपला, हायकर आणि घोडेस्वार नंतर, हेही खरं आहे. मीटिंगमध्ये वन्यजीववाला माणूस हे काढणारच. आपणच आधी काढावं, आणि म्हणावं की पिल्लं होण्याच्या दिवसांत हा ट्रेल बंद ठेवायला आमची तयारी आहे, बाकीचे महिने चालू राहू दे.

ई-बाइकचंही असंच, तिथे "सायकलच आहे" म्हणून रेटू नका. फॉरेस्ट सर्व्हिस तिला मोटरवाल्या वाहनात धरते, बीएलएममध्ये स्थानिक ऑफिस ठरवतं. ई-बाइकचे तीन क्लास आहेत, क्लास 1 ला पेडल मारल्यावरच मोटरची मदत मिळते आणि ती ताशी 20 मैल वेगापर्यंत, क्लास 2 ला थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारताही चालते, क्लास 3 ची मदत 28 पर्यंत. क्लबची भूमिका आधी ठरवा, नाहीतर साध्या सायकलच्या अर्जात हा वाद घुसतो आणि सगळंच अडकतं.

ट्रेल बघणं, जमीन न बघणं

2017 मध्ये 33 लाख एकर फेडरल जमीन विकायचं बिल आलं होतं, शिकारी आणि मासेमारीवाले इतके उठले की ते मागे घ्यावं लागलं. 2025 च्या जूनमध्ये सीनेटच्या बजेट बिलात वीस लाख एकरांहून जास्त जमीन विकायची तरतूद आली, तेव्हा शिकारी, हायकर, घोडेवाले, बाइकर सगळे एका बाजूला होते आणि महिना संपायच्या आत तीही निघाली. ज्या घोडेवाल्यांशी आपण एरवी ट्रेलवर कोण थांबायचं यावरून भांडतो तेच त्या आठवड्यात आपल्याबरोबर फोन करत होते. (थांबायचं आपणच, घोड्यासाठी पण आणि चालणाऱ्यासाठी पण. घोडा दिसला की उताराच्या बाजूला उतरा आणि साध्या आवाजात बोला, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे त्याला कळतं.) अशी ओळख संकटाच्या दिवशी होत नाही, वर्षभर त्यांच्याबरोबर पडलेली झाडं कापायला गेलं तर होते.

लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंडसुद्धा बघा, समुद्रातल्या तेल आणि गॅसच्या उत्पन्नातून त्यात पैसे येतात, 2020 च्या ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स ॲक्टने वर्षाला 90 कोटी डॉलर कायमचे ठरवून दिले. तुमच्या लूपच्या मधोमध खाजगी तुकडा अडकला असेल आणि मालक विकायला तयार असेल तर काउंटी आणि लँड ट्रस्टबरोबर (जमिनी राखणारी संस्था) बसून या वाटेने तो पब्लिक होऊ शकतो.

"आपल्याला कुठे मत आहे" म्हणून गप्प बसणं

हे खास आपल्या लोकांचं. व्हिसावर आहोत, बोललो तर काही होईल का, आपलं कोण ऐकणार. कमेंट द्यायला नागरिकत्व लागत नाही, कोणीही देऊ शकतं, जाहीर सुनावणीत कोणीही बोलू शकतं. फक्त दोन गोष्टी जपा. ग्रीन कार्ड नसेल तर निवडणुकीच्या प्रचाराला पैसे देऊ नका, ते कायद्यात बसत नाही. आणि क्लब करमुक्त 501-सी-3 संस्था असेल तर तिच्या नावाने कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा जाहीर करू नका, बिलाच्या बाजूने किंवा विरोधात मर्यादेत बोललेलं चालतं.

कमेंट सार्वजनिक होऊ शकते, त्यामुळे त्यात गरजेपेक्षा जास्त खाजगी माहिती लिहू नका.

माझी पहिली कमेंट अकरा ओळींची होती, ट्रेलखालच्या एका तुंबलेल्या मोरीबद्दल, इंग्रजी तीनदा तपासून पाठवलेली. पुढच्या वर्षी अंतिम कागद आला तेव्हा शेवटच्या परिशिष्टात तो मुद्दा होता आणि त्याच्याखाली उत्तर, मोरी बदलू, ट्रेल चालू राहील. मे महिन्यात ती बदलायला आम्ही नऊ जण गेलो होतो.