जांभ्याचा फुफाटा इंजिनात शिरू नये म्हणून

भातं झोडून झाली की सड्यावरचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचे, कच्चे रस्ते सुकतात आणि पुढे मे अखेरपर्यंत तिथे घोटाघोटाएवढा फुफाटा असतो. चिरेखाणीचे ट्रक आणि आंब्याच्या पेट्या वाहणारे पिकअप तो रोज नव्याने दळत असतात. किनाऱ्यावरची वाळू त्यामानाने बरी म्हणायची. तिचा दाणा जड असतो, त्यामुळे बरीचशी इंजिनाच्या हवेच्या फिल्टरच्या डब्यात तळालाच बसते. जांभ्याची लाल धूळ मात्र पिठासारखी हवेत तरंगते आणि केसाएवढ्या फटीतूनही आत जाते.

२.२ लिटरचं डिझेल इंजीन २००० आरपीएमला मिनिटाला साधारण २,२०० लिटर हवा ओढतं. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असेल तर त्याहून जास्त. हवेसोबत गेलेली धूळ लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगांच्या मध्ये पॉलिश पेपरासारखी घासत राहते. मग गाडी ऑइल प्यायला लागते, ओढ कमी होते, टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजतात. चांगल्या फिल्टरच्या कागदातून फारच थोडी धूळ आरपार जाते. नुकसान करणारी धूळ बहुतेक वेळा कागदाला वळसा घालून शिरते. म्हणून महागडा फिल्टर आणण्याआधी ही चोरवाट शोधा.

गाडी थंड असताना बॉनेट उघडा आणि फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंतचा पाइप हाताने चाचपत जा. धोका एवढ्याच टप्प्यात आहे, कारण इथे हवा ओढली जाते. टर्बोच्या पुढे दाब असतो. तिथे फट पडली तर हवा बाहेर फुसफुसते आणि ताकद कमी होते, पण जोर लागलेला असताना धूळ आत येत नाही. रबरी होजच्या वळ्या दोन्ही हातांनी ताणून बघा, चिरा नेहमी वळीच्या खाचेत असतात आणि नुसतं वरून बघून दिसत नाहीत. इंजिनाच्या ब्रीदरची (आतली ऑइलची वाफ बाहेर सोडणारी) बारकी नळी याच होजला येऊन मिळते. तिचा जोड ढिला आहे का, हे बघायचं बहुतेक जण विसरतात. खाऱ्या हवेने होजच्या क्लिपा गंजून अडकतात, तशा दिसल्या तर बदला. नवी आवळताना रबर कापलं जाईल इतका जोर लावू नका.

आता खात्री करून घ्या. होज टर्बोच्या तोंडापासून सोडवा आणि जुन्या धोतराचा पांढरा तुकडा बोटाला गुंडाळून आतून फिरवा. ब्रीदरमुळे ऑइलचा हलका ओशटपणा लागेल, तो चालतो. लाल डाग चालत नाही. डाग लागला तर आतून पुसून घ्या, त्याच तोंडाशी ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि होज पुन्हा बसवा. ग्रीस एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) आधी कधीच लावू नका, सेन्सर खराब होतो. नेहमीच्या कच्च्या रस्त्यावर ५० किलोमीटर जाऊन या आणि उघडा. ग्रीस लाल झालं असेल तर गळती त्याच्या मागे, फिल्टरच्या बाजूला, कुठेतरी आहे. धुळीचा ओघळ जिथून सुरू होतो तिथेच सहसा भोक सापडतं.

बहुतेक वेळा ते फिल्टरच्या रबरी कडेपाशीच निघतं. एखादी क्लिप नीट बसलेली नसते, झाकण तिरकं दाबलेलं असतं किंवा फिल्टर मापाचा नसतो. रबरावरून आडवी गेलेली लाल रेघ दिसली की समजा, धूळ तिथून ओलांडून गेली. डब्याची कड पुसा, रबराला ग्रीसचा पातळ हात द्या, झाकण सपाट ठेवा आणि समोरासमोरच्या क्लिपा जोडीने लावा.

फिल्टर काढायचा तर आधी झाकणाभोवतीची धूळ रंगाच्या ब्रशने झाडून घ्या, नाहीतर उघडताक्षणी ती स्वच्छ बाजूला पडते. फिल्टर सरळ उचला आणि पाइपाचं तोंड लगेच फडक्याने झाका. डबा ओलसर फडक्याने पुसा. आत हवा मारू नका. फिल्टर टायरवर आपटायची सवय गॅरेजागॅरेजात आहे. आपटल्याने कागदाच्या घड्या डिंकापासून सुटतात. हवा मारायचीच असेल तर ३० पीएसआयच्या आत, नळी कागदापासून चांगली वीतभर लांब धरून आणि नेहमी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. मग अंधारात आतून टॉर्च धरा. प्रकाशाचा एक जरी टिपका आरपार दिसला तरी फिल्टर फेका. पेट्रोलने किंवा साबणाने कागद धुऊ नका.

आणि सारखा उघडूही नका. थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो, कारण साचलेला थरही गाळणीचं काम करतो. प्रत्येक उघडझापीत मात्र थोडी धूळ पलीकडे जातेच. रोज सड्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलावा, असं आमचं मत. तेल लावायचे कापडी फिल्टर या धुळीत आम्ही सुचवणार नाही. तेल जास्त झालं तर ते सेन्सरवर बसतं.

काही गाड्यांच्या डब्याखाली चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह असतो. तो अधूनमधून चिमटून साचलेली धूळ पाडायची. चिखलाने उघडाच राहिला असेल तर धुवा, फाटला असेल तर बदला. गाडी माडाखाली महिनाभर उभी असेल तर डबा एकदा जरूर बघा. उंदीर काथ्या आणून घरटं करतात आणि फिल्टरचा कागदही कुरतडतात.

स्नॉर्कल, म्हणजे हवा छपराच्या उंचीवरून घेणारा पाइप, फक्त पाण्यासाठी नसतो. छपराच्या उंचीवर हवा बरीच स्वच्छ असते. पण त्याचे सांधे सीलंटने बंद केलेले नसतील तर तो फक्त शोभेचा. दाट फुफाट्यात त्याचं डोकं मागे फिरवून ठेवा. सगळ्यात स्वस्त उपाय चालवणाऱ्याच्या हातात आहे. पुढच्या गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत मागे थांबा. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की धुरळा जमिनीच्या बाजूला वाहतो. रस्ता रुंद असेल तर वारा ज्या बाजूने येतो त्या कडेने चला.

जून लागला की धुळीची जागा पाणी घेतं. भिजलेला कागद फुगतो, हवा अडते, आणि त्यावरचा लाल चिखल वाळला की घड्या कडक होतात. असा फिल्टर वाळवून परत लावू नका. नवा फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात बुरशी येत नाही. बसवलात की झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा.