चेक गावातली फुटबॉल मॅच बघायला जाताय? या चुका टाळा

प्रागला जाणारा फुटबॉलवेडा माणूस आधी स्पार्टा नाहीतर स्लाविया या तिथल्या बड्या क्लबांचं तिकीट शोधतो. जरूर शोधा. पण एक रविवार खालच्या स्तरावरच्या मॅचसाठी राखून ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाच्या मॅचेस बघत वाढलो. मैदानावरचा पोरगा आपल्या पेठेतला आहे हे माहीत असलं की मॅचमध्ये जसा जीव गुंततो, तसा तो मला प्रागबाहेरच्या एका खेड्यातल्या मैदानावर पुन्हा गुंतलेला दिसला. तिथवर पोचताना मात्र माझं बरंच चुकलं. तेच तुमचं चुकू नये म्हणून हे लिहितोय.

'दिविझे' म्हणजे दुसरी डिव्हिजन नव्हे

पहिला गोंधळ नावातच होतो. दुसरी लीग देशभर एकच आहे, १६ संघांची. तिसऱ्या स्तरावर बोहेमियाची, म्हणजे देशाच्या पश्चिम भागाची लीग वेगळी आणि मोराविया-सिलेसियाची, म्हणजे पूर्व भागाची वेगळी. 'दिविझे' येते चौथ्या स्तरावर. त्याच्याही खाली प्रांताच्या आणि मग 'ओक्रेस'च्या, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारख्या भागाच्या स्पर्धा. दुसऱ्या लीगला स्टेडियम असतं, पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी वेगळा कप्पा असतो. ओक्रेसच्या मॅचला मैदानाभोवती कमरेएवढी लोखंडी नळी असते आणि तिच्यावर कोपरं टेकून उभं गाव. आपल्याला यातलं काय बघायचंय ते आधी ठरवा.

खालचा स्तर म्हणजे किरकोळ क्लब, असंही समजू नका. प्रागच्या झिश्कोव्ह भागातला व्हिक्टोरिया झिश्कोव्ह अलीकडे दुसऱ्या लीगमध्ये खेळताना दिसतो, पण १९२८ मध्ये याच क्लबने देशाचं विजेतेपद मिळवलं होतं. नावांतही इतिहास आहे. १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीत क्लब कामाच्या धंद्यांना जोडले गेले: बानिक म्हणजे खाणकामगारांचा, लोकोमोतिवा रेल्वेवाल्यांचा, स्लावोय खाद्यउद्योगातल्या कामगारांचा. 'सोकोल' त्याहून जुनं, १८६२ मध्ये प्रागला सुरू झालेल्या व्यायाम चळवळीचं नाव. तालमीच्या नावाने खेळणाऱ्या गावातून आलेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

दुपारची मॅच समजून सकाळ घालवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्या डोक्यात फुटबॉल म्हणजे संध्याकाळ किंवा रात्र. तिकडे दुसऱ्या-तिसऱ्या लीगच्या कितीतरी मॅचेस रविवारी सकाळी १०:१५ ला सुरू होतात. बाराच्या सुमारास मॅच संपते आणि लोक रविवारच्या जेवणाला घरी पोचतात. हॉटेलचा नाश्ता आरामात उरकून निघालात तर पहिला हाफ गेलाच.

खेड्यांतल्या मैदानांवर बहुधा फ्लडलाइट नसतात, त्यामुळे तिथे वेळ सूर्याप्रमाणे सरकते. ऑगस्टमध्ये संध्याकाळी पाचला असणारी मॅच नोव्हेंबरात दोनच्या आसपास येते. मागच्या महिन्यात पाहिलेली वेळ या महिन्यात गृहीत धरू नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत खालच्या लीग थंडीसाठी बंदच असतात. नाताळचे बाजार बघायला जाणाऱ्यांनी ही आशा ठेवू नये.

गाव बरोबर, मैदान चुकीचं. किंवा गावच चुकीचं

चेक देशात 'ल्होता' आणि 'नोवा वेस' नावाची गावं किती असावीत! नोवा वेस म्हणजे नवं गाव, आपल्या नवेगावासारखंच. नकाशात नाव टाकून जे पहिलं दिसेल त्यावर बोट ठेवलं, की शंभर किलोमीटर दूर पोचाल. गावाच्या नावाबरोबर ओक्रेसचं नाव जुळवून बघा. चेक फुटबॉल संघटनेच्या 'फोतबाल डॉट सीझेड' या संकेतस्थळावर अगदी तळाच्या स्पर्धांचंही वेळापत्रक मिळतं. पानाचं भाषांतर फोनवर करून घ्या, पण मैदानाचं नाव मूळ चेकमध्येच वाचा, कारण भाषांतरात नावांचीही भाषांतरं होतात.

आता माझ्यावर आलेली वेळ. मार्चचे शेवटचे दिवस, रात्रभर पाऊस झालेला. मी वेळेत मैदानावर पोचलो तर फाटकाला कुलूप. गवतावर पाणी साचलेलं, गोलला जाळी नाही. मॅच रद्द झाली म्हणून मी परत स्टेशनकडे वळलो. वाटेत कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा भेटले. त्यांना 'फोतबाल?' असं विचारलं, तर त्यांनी काठीने शाळेच्या मागची बाजू दाखवली. तिकडे कृत्रिम गवताच्या मैदानावर मॅच सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती आणि पाहुण्यांनी एक गोलही केला होता. वेळापत्रकात मैदानापुढे 'ऊएमटे' ही तीन अक्षरं मी पाहिली होती, पण अर्थ शोधला नव्हता. 'उमेला त्राव्हा', म्हणजे कृत्रिम गवत. थंडी संपताना आणि पावसात मॅच तिकडे हलवतात. 'ओदलोझेनो' लिहिलेलं असेल तर मात्र मॅच खरोखर पुढे ढकललेली असते. हे दोन शब्द फोनमध्ये लिहून ठेवा.

फाटक बंद दिसलं तर लगेच परत फिरू नका. दोन मिनिटं शांत उभं राहून कान द्या. शिट्टीचा आवाज लांबवर येतो.

फक्त कार्ड घेऊन जाणं

प्रागच्या ट्रामपासून कॉफीपर्यंत सगळीकडे कार्ड चालतं, म्हणून रोख रकमेची आठवण राहत नाही. खेड्यात फाटकाशी एक प्लास्टिकचं टेबल, त्यावर पत्र्याची गल्ल्याची पेटी आणि तिकिटांची गुंडाळी असते. मावशी गुंडाळीतून तिकीट फाडून देतात. सुट्ट्या कोरुना हव्यात, आणि युरो चालतील असं समजू नका. ते तिकीट फेकूही नका. बऱ्याच ठिकाणी मध्यंतरात त्याच क्रमांकांची सोडत निघते. त्या दिवशी माझ्या शेजारच्या बाईंनी माझं तिकीट हातात घेऊन प्रत्येक पुकारलेला आकडा बोटाने ताडून पाहिला. लागलं नाही तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं.

बिअर, सॉसेज आणि शाकाहारी मंडळी

बिअरच्या पाटीवर १० किंवा १२ लिहिलेलं बघून घाबरू नका. ते अल्कोहोलचे टक्के नव्हेत, उकळलेल्या माल्टच्या पाण्यातल्या साखरेचं माप आहे. दहा नंबरच्या बिअरमध्ये साधारण ४ टक्के अल्कोहोल असतं, बारा नंबरच्या बिअरमध्ये ५ च्या आसपास. गाडी भाड्याने घेतली असेल तर मात्र एक घोटही नको. चेक कायद्यात चालकाला दारूची सूट शून्य आहे. गाडी चालवणाऱ्यांनी 'कोफोला' घ्यावं. ते १९६० पासूनचं तिथलं कोला पेय आहे, मसालेदार चवीचं. मला फार आवडलं.

बिअर बऱ्याचदा जाड प्लास्टिकच्या ग्लासात मिळते आणि ग्लासची अनामत, साधारण ५० कोरुना, वेगळी घेतात. बिअर महाग आहे असं वाटून काउंटरवर वाद घालू नका. ग्लास परत दिला की पैसे परत मिळतात.

खायला 'क्लोबासा' असते, म्हणजे भाजलेलं सॉसेज, बरोबर मोहरीची चटणी आणि ब्रेडचा तुकडा. ते बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचं असतं. शाकाहारी असाल तर मैदानावर काही मिळेल या भरवशावर राहू नका. कुठे कुठे लांगोश मिळतो, लसूण आणि चीज घातलेला तळलेला मैद्याचा पदार्थ, पण छोट्या मैदानावर तोही नसतो. डबा घेऊन जा. मध्यंतराची शिट्टी वाजली की अख्खं गाव काउंटरवर जातं, तेव्हा चाळिसाव्या मिनिटालाच रांगेत उभे राहा.

स्पार्टाची जर्सी घालून जाणं

प्रागच्या दुकानातून हौसेने घेतलेली जर्सी दुसऱ्या क्लबच्या मैदानावर, विशेषतः दुसऱ्या लीगच्या मॅचला, घालू नका. साधा शर्ट घाला आणि जमलं तर यजमान क्लबचा मफलर किंवा बिल्ला विकत घ्या. बिल्ले जमवणारे तिकडे बरेच आहेत, गप्पा तिथूनच सुरू होतात. आत शिरताना 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हणा. खेळाडू पोरांचे फोटो काढण्याआधी शेजारच्या माणसाला हाताने खूण करून विचारा.

परतीची गाडी न बघणं

रविवारी खेड्यातल्या बस फार कमी असतात. 'इडोस' या बस-रेल्वेच्या वेळापत्रकाच्या संकेतस्थळावर परतीची वेळ जाण्याआधीच बघून घ्या. छोट्या रेल्वेमार्गांवर कितीतरी थांबे विनंतीचे असतात, वेळापत्रकात त्यांच्यापुढे फुलीची खूण असते. गाडीत बसलेले असाल तर आधीच्या थांब्यानंतर दाराजवळचं बटण दाबावं लागतं, नाहीतर गाडी थांबत नाही. फलाटावर असाल तर निवाऱ्याच्या आत बसून राहू नका. ड्रायव्हरला लांबून दिसाल असे कडेला उभे राहा आणि हात करा. आणि निघण्याआधी ग्लास परत केलात ना, तेवढं बघा.