शेवट कापलेली गोष्ट : मुलांना फॉरवर्ड वाचायला कसं शिकवावं

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊच्या दाराशी येतो आणि आतून उत्तर येतं, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." मग तीट लावायची असते, मग झोपवायचं असतं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी जेवताना ऐकली आणि घासाबरोबर गिळून टाकली.

आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना मी शनिवारी संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवते. तिथं आठ वर्षांच्या एका मुलीनं एकदा मध्येच विचारलं, "चिऊला दार उघडायचंच नव्हतं, तर ती सरळ नाही का म्हणाली?" मला उत्तर सुचलं नाही. पण तेव्हापासून, फोनवर येणारं काहीही तपासून कसं घ्यायचं हे शिकवताना मी फोन बाजूला ठेवते आणि काऊपासून सुरुवात करते.

तयारी फारशी लागत नाही. साधारण 8 ते 12 वर्षांची मुलं, ओळखीची एक गोष्ट, कागदावर लिहून काढलेला एक फॉरवर्ड आणि तीन रंगीत पेन्सिली. 13 वर्षांखालच्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅपचं खातं स्वतःहून काढता येत नाही. पण अभ्यासाच्या ग्रुपसाठी आईचा फोन हातात आला की बाकीचे ग्रुपही हाताला लागतात, हे कुठल्या घरात घडत नाही?

1. आधी काऊची बाजू ऐका

गोष्ट नेहमीसारखी सांगा आणि मग विचारा : ही गोष्ट कोण सांगतंय? बोलायची संधी कोणाला मिळालीच नाही? मग आजीला किंवा मावशीला फोन लावून त्यांच्या घरची चिऊ-काऊची गोष्ट विचारायला सांगा. कुठं चिऊ शेवटी दार उघडते, कुठं आत आलेल्या काऊला चटका बसतो. एकच प्रसंग, पण सांगणारं तोंड बदललं की कोणाची कीव करायची तेही बदलतं. हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

त्यानंतर काऊच्या वतीनं चार ओळींची बातमी लिहायला द्या. आमच्याकडे एकानं मथळा दिला होता, 'शेजाऱ्याला तासभर पावसात उभं केलं'. कोणाचंही चुकलं म्हणू नका. आणि कृपा करून "तात्पर्य काय?" असं विचारू नका. तो प्रश्न ऐकला की मुलं वाचणं थांबवून आपल्याला काय ऐकायचंय त्याचा अंदाज बांधू लागतात.

'लांडगा आला रे आला' याच कामाला येते. मुलगा खोटं बोलला, हे सगळ्यांना पाठ असतं. तुम्ही गावकऱ्यांबद्दल विचारा : तिसऱ्या हाकेला त्यांनी काय करायला हवं होतं? "एकानं टेकडीवर जाऊन बघून यायचं," असं कोणीतरी म्हणतंच. तो टेकडीवर जाणारा माणूस ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

2. शेवट कापून सांगा

पुढच्या वेळी मुलांना माहीत नसलेली एखादी गोष्ट घ्या आणि शेवटची दोन पानं न वाचता पुस्तक मिटा. यात वाईट कोण, शिक्षा कोणाला व्हावी, हे विचारा. सगळे हिरिरीनं निकाल देतात. मग ती दोन पानं वाचा. बरेच निकाल उलटतात आणि खोलीत थोडी शांतता पसरते. या पायरीला घाई करू नका. ही एकच पायरी नीट झाली तरी पुष्कळ आहे.

कारण अगदी हेच आपल्याकडे खरोखर घडलं आहे. 2018 मध्ये भारतात ठिकठिकाणी एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. सोबत मजकूर, की मुलं पळवणारी टोळी तुमच्या भागात आली आहे. तो व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीचा होता. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी तो कलाकारांकडून करवून घेतला होता. मूळ व्हिडिओत ती माणसं परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि मूल पळवायला क्षणभरच लागतो अशा अर्थाचा फलक धरतात. तेवढाच भाग कोणीतरी कापला होता.

मुलं पळवणाऱ्यांच्या अशाच अफवा तेव्हा धुळे जिल्ह्यातही फिरत होत्या. 1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांवर जमावाला संशय आला. पाचही जणांना ठेचून मारलं गेलं. टेकडीवर जाऊन बघणारा त्या दिवशी कोणी निघाला नाही.

लहान मुलांना ही घटना मी सांगत नाही, कराचीच्या व्हिडिओवर थांबते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मात्र सांगते, पण त्या दिवसाचे व्हिडिओ कधीही दाखवत नाही आणि तुम्हीही दाखवू नका. एरवी फॉरवर्ड तपासणं हा त्यांच्या लेखी मोठ्यांचा एक चोंबडेपणा असतो. हे ऐकल्यावर तसं राहत नाही.

3. फॉरवर्ड कागदावर उतरवा

पडद्यावरचा मजकूर बोटानं पुढं सरकतो, कागदावरचा सरकत नाही. म्हणून एक जुना, निरुपद्रवी फॉरवर्ड मुलांकडून हातानं लिहून घ्या. मी बहुधा 'युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हा घेते. कितीतरी वर्षं फिरतोय आणि पूर्ण खोटा आहे. युनेस्को राष्ट्रगीतांना असले क्रमांक देत नाही.

जे तपासून बघता येईल त्याखाली निळी रेघ, जे कोणाचं मत आहे त्याखाली हिरवी, आणि जे घाबरवतं, फुगवतं किंवा घाई करतं त्याखाली लाल. 'प्रत्येक भारतीयानं हे पुढं पाठवलंच पाहिजे' याला लाल. नवशिकी मुलं 'युनेस्कोनं जाहीर केलं' यालाही लाल रेघ मारतात. तिथं थांबून समजावून सांगा, की निळी रेघ म्हणजे खरं नव्हे, निळी म्हणजे तपासता येण्याजोगं. मग निळ्या ओळीला विचारा : कधी, कुठं, कोणी? बहुतेक फॉरवर्ड इथंच गारद होतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरची एक खूणही दाखवून ठेवा. दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज निदान पाच वेळा हातोहात फिरून आला आहे. एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो. बाण आहे म्हणून मेसेज खोटा असं नाही, पण तो पाठवणाऱ्या काकांनी लिहिलेला नाही एवढं पक्कं.

4. आता टेकडीवर जा

एखादं संकेतस्थळ विश्वासाचं आहे की नाही हे त्याच पानावर डोळे ताणून कळत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सॅरा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासाचे जाणकार, विद्यार्थी आणि व्यवसायानं बातम्या पडताळणारे लोक यांना सारखीच पानं दिली होती. चांगले शिकलेसवरलेले लोकही पान वरून खालपर्यंत वाचत बसले आणि फसले. पडताळणारे मात्र लगेच ते पान सोडून दुसऱ्या टॅब उघडत आणि ते पान चालवणाऱ्यांबद्दल इतर काय म्हणतात ते बघत. तेव्हा मुलांना पानाबाहेर पडायला शिकवा. मराठीत 'फॅक्ट क्रेसेंडो' आणि 'न्यूजचेकर' ही संकेतस्थळं असे दावे तपासून लिहितात. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा दावा असेल तर पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) पडताळणी विभागही बघावा, पण सरकारच्या बाजूचं उत्तर सरकारच देतंय हे मुलांना सांगून. काऊ-चिऊचा नियम इथंही लागू.

फोटो असेल तर गुगल लेन्समध्ये टाका आणि तोच फोटो आधी कुठं येऊन गेलाय ते बघा. दिवाळीच्या रात्री नासानं टिपलेला भारत म्हणून दरवर्षी येणारा रंगीबेरंगी नकाशा यासाठी उत्तम. वेगवेगळ्या वर्षांतले रात्रीचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवून तो तयार केला आहे. लाल रंग 2003 पर्यंत वाढलेल्या दिव्यांचा. एका रात्रीचा फोटोच नाही तो. खऱ्या दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जेमतेम जाणवतो, हे नासानंच 2012 मध्ये स्पष्ट केलं होतं. मुलं जरा हिरमुसतात. हिरमुसू द्या.

नावांचंही तेच. खाली '– पु. ल.' लिहिलेले सुविचार मोजायला बसलो तर आयुष्य पुरणार नाही. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी गेले, फेसबुक 2004 चं, व्हॉट्सअ‍ॅप 2009 चं. फेसबुकवरच्या लाइकची थट्टा करणारा मजकूर त्यांचा असणार नाही. हे गणित पाचवीतलं मूल करतं आणि फार खूश होतं.

5. पुस्तकांच्या पीडीएफ

बालसाहित्याच्या स्कॅन केलेल्या प्रतीही ग्रुपवर फिरतात. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण 60 वर्षं हक्क शाबूत राहतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन आता मुक्त आहे. आज हयात असलेल्या लेखिकेचं पुस्तक तसं नाही. फुकटच हवं असेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं वाचनाच्या पायरीनुसार लावलेली मिळतात आणि ती वाटायला परवानगीही आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात.

6. घरच्यांना कसं सांगायचं

इथं बहुतेकांचं गाडं अडतं. मुलाला खोटं सापडलं की त्याला ते भर ग्रुपवर जाहीर करायचं असतं. करू देऊ नका. आजोबांना चारचौघांत खोटं पाडलं की ते फॉरवर्ड पाठवणं सोडत नाहीत, नातवाशी बोलणं सोडतात. त्यांना वेगळा मेसेज करायचा : "आजोबा, तुम्ही पाठवलेला फोटो मी शोधला. तो जुना आहे आणि दुसरीकडचा आहे. लिंक पाठवतोय, बघाल का?" एवढंच.

आपल्याच हातून चूक झाली तर? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण ज्यांनी तो पुढं ढकलला त्यांच्याकडून तो पुसला जात नाही. म्हणून पुसून गप्प बसू नका, त्याच ग्रुपवर लिहा की मघाशी पाठवलेलं चुकीचं होतं आणि का. हे मुलांसमोर लिहा. मी मागच्या पावसाळ्यात एका धरणाच्या पुराचा जुना व्हिडिओ आजचा म्हणून पाठवला होता आणि नंतर तीन ओळींची चूक कबूल केली. व्हिडिओवर सतरा हात जोडलेले आले होते. कबुलीवर कोणी काही बोललं नाही, फक्त मामानं गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवलं, तेही संध्याकाळी.